टंबलर लावायच्या आधी दगड निवडून घ्या

टंबलर म्हणजे दगड घासून गुळगुळीत, चकचकीत करणारा फिरता ड्रम. तो एकदा लावला की जाड ग्रिटपासून (घासायची पूड) पॉलिशपर्यंत चारही स्टेज धरून महिनाभर तरी फिरत राहतो आणि एक चुकीचा दगड आत गेला तर बाकीच्यांची वाट लागते, म्हणून एक अख्खा रविवार मोकळा ठेवा आणि तांदूळ निवडतो तसे दगड निवडून घ्या. हाताशी बादली, जुना टूथब्रश, मोबाईलचा टॉर्च, भिंग, स्टीलचा चाकू आणि थोडं व्हिनेगर एवढं पुरे.

आधी सगळं घासून धुवा, मुरूम चिकटलेला असेल तर काही कळत नाही. ओला असताना दगड जसा दिसतो साधारण तसाच तो पॉलिशनंतर दिसणार, त्यामुळे ओला असूनही जो आवडत नाही तो तिथेच बाजूला टाका. मग वाळल्यावर प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब सोडा, थेंब आत शोषला गेला तर तो दगड सच्छिद्र आहे, त्याला चमक येणं अवघड.

आता पुण्याचं म्हणाल तर आपल्या पायाखाली सगळा बेसॉल्टच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यामुळे पिशवीत निम्मा माल काळा दगडच निघतो. मला तो मनापासून आवडतो पण टंबलरसाठी नाही. गुळगुळीत होतो, काचेसारखा चमकत मात्र नाही, आणि भोकं असलेला असेल तर अजिबात घालू नका कारण भोकांत जाड ग्रिट अडकते आणि पुढच्या स्टेजला बाहेर येऊन सगळ्यांवर ओरखडे पाडते.

आपल्याला हवी गारगोटी, अकीक, जास्पर. नदीच्या वाळू-गोट्यांत मिळतात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली जी दगडी पाती निघाली ती याच जातीच्या कॅल्सेडनीची (अकीक, जास्पर हे तिचेच प्रकार). अकीक बाहेरून अगदी मळकट, खडबडीत सालीचा दिसतो, पण कुठे टवका उडालेला असेल तिथे मेणासारखी तकाकी असते, कड धारदार असते आणि मागून टॉर्च धरला की उजेड आत पसरतो, कधी पट्टे दिसतात तर कधी हिरव्या शेवाळासारख्या रेषा. जास्परमधून उजेड जात नाही, लाल, पिवळा, तपकिरी असतो, बाकी कडकपणा तोच.

शंका आली की चाकूने ओरखडा. कडकपणाच्या १ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर गारगोटी ७ ची, चाकू साधारण साडेपाचचा, त्यामुळे गारगोटीवर चर पडत नाही, उलट चाकूचाच करडा माग उमटतो, ओल्या बोटाने पुसा, गेला तर दगड कडक. पांढरी पूड निघून चर राहिला तर मऊ. त्या पुडीवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर कॅल्साइट, कडकपणा ३, बाद.

आणि कृपया, हात जोडून सांगतो, झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणारे स्फटिक) टंबलरमध्ये घालू नका. पंख्यासारखा पसरलेला मोत्याच्या तकाकीचा स्टिल्बाइट, किंवा चौकोनी चकचकीत अपोफिलाइट (तो झिओलाइट नाही पण त्यांच्याच सोबत सापडतो), हे मऊ असतात आणि थर सुटून फुटतात. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट तर जगभरचे लोक जपून ठेवतात. असे स्फटिक जसे आहेत तसे कापसात गुंडाळून ठेवा. आणि खाणीत मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, तिथे सुरुंग लावतात.

उरलेल्यांच्या भेगा बघा. नखाने चाचपा, नख अडकलं तर ती भेग. दोन दगड एकमेकांवर हलके आपटा, खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा असायची शक्यता. मोठे फोडायचे तर गॉगल घालूनच.

शेवटी कडकपणा सारखा असलेले एकत्र, आकार मात्र लहानमोठे मिसळा, ड्रम दोनतृतीयांश ते पाऊण भरला पाहिजे, कमी पडलं तर सिरॅमिकचे तुकडे घाला. आणि टंबलरमधून निघणाऱ्या गाळासाठी एक जुनी बादली आधीच बाजूला काढून ठेवा, तो सिंकमध्ये ओतला तर पाइपात सिमेंटसारखा बसतो.