इम्प्लांटभोवतीची सूज : या चुका टाळा

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू. त्याच्याभोवतीच्या हिरडीतून रक्त येत असूनही ‘दुखत नाही ना’ म्हणून थांबणे, ही माझ्या म्हापशाच्या दवाखान्यात सर्वाधिक दिसणारी चूक आहे. नैसर्गिक दाताचे मूळ तंतूंनी हाडाशी बांधलेले असते. टायटॅनियमचा स्क्रू मात्र थेट हाडात रुजतो. मधे तंतूंचा अडसर नसल्यामुळे हिरडीतली सूज हाडापर्यंत लवकर पोचते आणि हाड बरेच झिजेपर्यंत स्क्रू हलतही नाही. सूज हिरडीपुरती आहे तोवर ती पूर्ण बरी होऊ शकते. झिजलेले हाड मात्र आपणहून भरून येत नाही.

दुसरी चूक म्हणजे फार्मसीतून परस्पर अँटिबायोटिक आणणे. डिचोलीच्या एका निवृत्त गृहस्थांना चवथीपूर्वी दात हवा होता आणि एका दवाखान्याने घाईघाईत कॅप, म्हणजे स्क्रूवर बसणारा कृत्रिम दात, सिमेंटने चिकटवून दिली होती. पुढे हिरडी सुजली की ते अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल घेत; सूज ओसरे, गोळ्या संपल्या की पुन्हा पू येई. मी कॅप काढली तेव्हा हिरडीखाली सिमेंटचा कडक थर सापडला आणि एक्स-रेत स्क्रूभोवतीचे हाड वाटीसारखे खचलेले दिसले. अशा थरावर जमलेले जंतू गोळीने निघत नाहीत, ते खरवडूनच काढावे लागतात. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी या हिरडीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही शस्त्रक्रियेविना होणाऱ्या सफाईला पोटात घेण्याच्या अँटिबायोटिकची जोड देऊ नये, असेच सुचवले आहे. या गृहस्थांच्या सफाईनंतर काही आठवड्यांनी मोजले, तरी हिरडी आणि स्क्रू यांमधल्या फटीची खोली ६ मिलिमीटरहून अधिकच भरली, म्हणून शेवटी हिरडी उघडून स्क्रू साफ करावा लागला. इम्प्लांट वाचला, गेलेले हाड परत आले नाही. ताप किंवा चेहऱ्यावर पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

म्हणूनच शक्य तेथे मी स्क्रूने बसणारी कॅप निवडतो. सिमेंट वापरणे भागच पडले तर एक्स-रेत दिसणारेच वापरतो आणि एक्स-रे पाहिल्याशिवाय रुग्णाला खुर्चीवरून उठू देत नाही. नव्या डॉक्टरांना ही पाच मिनिटे जड वाटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या घाईची किंमत रुग्ण मोजतो.

हा पहिला एक्स-रे रुग्णानेही जपून ठेवावा. पुढे बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जावे लागले, तर हाड किती झिजले हे तुलनेनेच कळते. हलक्या हाताने खोली मोजल्याने इम्प्लांट बिघडतो, हा समज चुकीचा आहे. स्टीलच्या साध्या टोकाने स्क्रू खरवडू नये. मिश्री, सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांच्यापुढे उत्तम सफाईही अपुरी पडते.

घरी फक्त गुळण्यांवर भागवू नये. कॅपच्या दोन्ही बाजूंनी रोज रात्री इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांमधल्या फटीत जाणारा बारीक ब्रश, फिरवावा. त्याचा आकार मी प्रत्येकाला आरशासमोर बसवून निवडून देतो, कारण सैल ब्रश कॅपच्या कडेला नीट टेकतच नाही.