ऑनलाइन एलएलबीवर सनद मिळते का? फी भरण्याआधी एवढं तपासा

मी साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. बारावीचे निकाल लागले की मला व्हॉट्सॲपवर माहितीपत्रकं यायला लागतात. 'घरबसल्या एलएलबी', 'नोकरी सांभाळून वकील व्हा' असलं काहीतरी, आणि खाली प्रश्न: ताई, यावर बारची परीक्षा देता येते ना?

नाही देता येत. भारतात ऑनलाइन किंवा पोस्टानं केलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 24 प्रमाणे बार कौन्सिल ऑफ इंडियानं मान्य केलेलीच पदवी लागते, आणि कौन्सिलच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांना वर्गात बसून केलेला अभ्यासक्रमच चालतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020 च्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या नियमांतही वैद्यकीय, अभियांत्रिकी वगैरेंच्या जोडीला कायद्याचं नाव बंदीच्या यादीत आहे. त्यामुळे 'आमची युनिव्हर्सिटी यूजीसीमान्य आहे' असं समुपदेशक सांगेल, ते खरंही असेल, पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

मग तपासायचं कसं? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. तिच्यात कॉलेजचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. मान्यता अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते. पाच वर्षांचा कोर्स मान्य आणि तीन वर्षांच्या कोर्सची मुदत संपलेली, असंही असू शकतं. कॉलेजकडे मान्यतेचं पत्र मागा आणि तुमच्या प्रवेशाचं वर्ष त्यात बसतंय का ते बघा. पत्र दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठायचं.

खरी मेख पुष्कळदा एलएलबीत नसते, त्याच्या आधीच्या शिक्षणात असते. बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाची बीए केलेल्यांना त्याच 2008 च्या नियमांतला नियम 5 आडवा येतो. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. आपल्याकडे नोकरी करत मुक्त विद्यापीठातून शिकलेली माणसं भरपूर, म्हणून मी आधी बारावीची गुणपत्रिका दाखवा म्हणते. तीन वर्षांच्या कोर्सला पदवीत खुल्या गटाला 45, ओबीसींना 42 आणि एससी-एसटींना 40 टक्के लागतात. पुढे सीईटी आहेच.

नोकरीवाल्यांनी हजेरीचा हिशेब आधी मांडावा. नियम 12 प्रमाणे 70 टक्के हजेरी लागते. 'नुसतं नाव घाला, परीक्षेला या' सांगणारे एजंट असतात, त्यांच्या नादी लागू नका. सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलनं कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितलं; शिवाय त्याच काळात नोकरी किंवा दुसरी नियमित पदवी चालू होती का, हेही विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं. सनद घेतल्यावरही पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही.

परीक्षेचा क्रमही बहुतेकांच्या डोक्यात उलटा असतो. आधी राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी, मग दोन वर्षांच्या आत एआयबीई, म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, ज्याला सगळे बारची परीक्षा म्हणतात ती. आता शेवटच्या सत्रातल्यांनाही तिला बसू देतात. शंभर बहुपर्यायी प्रश्न, पास व्हायला खुल्या आणि ओबीसी गटाला 45 टक्के. बेअर ॲक्ट (कायद्यांची नुसत्या कलमांची पुस्तकं) सोबत नेता येतात, मात्र टिपणं लिहिलेले नकोत. नोंदणीचं शुल्क कायद्यानं 750 रुपये, एससी-एसटींना 125. त्याहून जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 30 जुलै 2024 ला सांगितलंय. कुणी हजारोंचा आकडा बोललं तर हा निकाल पुढे ठेवा.

ऑनलाइन सगळंच टाकाऊ, असं मात्र मी म्हणत नाही. कामगार कायदा, सायबर कायदा यांचे डिप्लोमा एचआरमध्ये किंवा बँकेत असणाऱ्याला उपयोगी पडतात. फक्त त्यांनी अंगावर काळा कोट येत नाही.

'अमेरिकेत तर चालतं की!' हेही ऐकते. चालतं, पण राज्याराज्यात वेगळं. कॅलिफोर्नियात ऑनलाइन लॉ स्कूलचा पदवीधर बारला बसू शकतो. संस्था अमान्यताप्राप्त पण नोंदणीकृत असेल, तर पहिल्या वर्षानंतर वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. 'बेबी बार' म्हणतात तिला. न्यूयॉर्कचं उलट: परदेशी पदवीवाल्यानं पात्रतेसाठी एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) केलं, तर ते अमेरिकेतल्या कॅम्पसवर बसूनच केलेलं लागतं. इथे सनद असलेल्या वकिलाला कॅलिफोर्नियाची परीक्षा एलएलएमशिवायही देता येते. म्हणून तिकडे जायचं मनात असेल त्यांनाही मी आधी इथली नियमित एलएलबी आणि सनद करून घ्या म्हणते. तिकडची ऑनलाइन पदवी घेऊन कुणी परत आलं, तर साताऱ्याच्या कोर्टात त्यावर वकीलपत्र दाखल करता येणार नाही.