टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळात नियम किती ठेवायचे, हे कसं ठरवावं

टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत मिळून एक गोष्ट पुढे न्यायची, हा रोलप्लेइंग खेळ. नव्या मंडळींना घेऊन अशा डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (डी अँड डी) पहिला डाव मांडायचा म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे ‘नियमबियम सोडा, गोष्ट महत्त्वाची’. दुसरा म्हणजे ‘सगळ्यांनी आधी पुस्तक वाचून या’. मी दोन्ही पाळून पाहिले आणि दोन्ही वेळा डाव मोडला. गेली कित्येक वर्षं मी डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि नियमांचा निवाडा करणारी) म्हणून खेळ चालवते आहे. नियम सोपे की अवघड, हा प्रश्न पुस्तकाच्या जाडीवर ठरत नाही, हे मला आता ठामपणे सांगता येतं.

पहिल्यांदा किती संध्याकाळी खेळणार ते ठरवा. एकच संध्याकाळ असेल तर एका पानाचा खेळ घ्या. जॉन हार्परचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ खरोखर एकाच पानावर मावतो. प्रत्येकाने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. यंत्राचं, तर्काचं काम असेल तर सहा बाजूंचा फासा त्या आकड्याखाली पडायला हवा; माणसांशी बोलण्याचं, भावनेचं काम असेल तर आकड्याच्या वर. दहा मिनिटांत खेळ सुरू होतो. पण तोच खेळ चार महिने चालवायला घेऊ नका. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला खेळाडू विचारतात, ‘माझं पात्र आता नवीन काय शिकलं?’ आणि एका पानाकडे त्याचं उत्तर नसतं.

महिनोन् महिने खेळायचं असेल तर डी अँड डी घ्या आणि जाडीला घाबरू नका. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक तीनशेहून जास्त पानांचं आहे, पण त्यातला मोठा भाग मंत्रांचा आणि वेगवेगळ्या पात्रप्रकारांचा. ज्याचं पात्र त्याने तेवढीच पानं वाचायची. गाभा एका वाक्याचा आहे: वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राच्या गुणाची भर घाला, ठरलेला आकडा गाठा. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०.

पात्रं पहिल्या, म्हणजे सगळ्यात नवख्या पातळीची आणि तयारच हातात द्या. या आवृत्तीच्या मूळ नियमांचा एक संच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. श्रेय देऊन त्याचं मराठी करून वाटता येतं, तेव्हा पात्राचा कागद बिनधास्त मराठीत करा.

आता खरी अडचणीची पायरी: कोणते नियम काढायचे. इथे मी सपशेल चुकले होते.

आमच्या लढाया लांबत होत्या. कोण कुठून कुठे सरकला यावर वाद व्हायचे. म्हणून मी ‘ऑपॉर्च्युनिटी अटॅक’चा नियम काढून टाकला. शत्रू तुमच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडायला निघाला की त्याच्यावर एक वार करण्याची संधी मिळते, एवढाच तो नियम. पुढच्या शनिवारी गॉब्लिन (खेळातले छोटे राक्षस) आमच्या योद्ध्याला वळसा घालून थेट मांत्रिकावर धावून गेले. अडवणार कसं? टप्प्यातून निसटण्याची किंमतच उरली नव्हती. योद्धा खेळणाऱ्या मुलाने विचारलं, ‘ताई, मग मी पुढे उभा कशाला राहू?’ त्याच्या शेजारी चोराचं पात्र खेळणारी मुलगी बसली होती. दुसऱ्या पातळीवर चोराला लढाईत वार न खाता चपळाईने निसटता येतं. तिने ते कागदावर हिरव्या शाईने लिहून भोवती चौकट काढली होती. तिने त्या चौकटीवर पेन्सिलने एक आडवी रेघ मारली आणि त्या संध्याकाळी जवळपास काहीच बोलली नाही. मी एक नियम काढला आणि दोन खेळाडूंची पात्रं निकामी केली.

तेव्हापासून माझी पद्धत पक्की आहे. नियम काढण्याआधी सगळ्यांचे पात्रांचे कागद समोर पसरते आणि त्या नियमावर कोणाचं काय टेकलेलं आहे ते शोधते. कोणाचंही काही टेकलेलं नसेल तरच हात लावायचा. ओझ्याचं गणित घ्या. ताकदीचा आकडा गुणिले १५ एवढे पौंड पात्राला सोबत वाहून नेता येतात. बहुतेक गोष्टींत हा हिशेब काढला तर कोणालाच पत्ता लागत नाही. पण तुमची गोष्ट वाळवंट ओलांडण्याची असेल तर तोच हिशेब खेळाचा जीव आहे, तिथे दुसरं काहीतरी काढा. मशाल एक तास जळते हा नियम राजवाड्यातल्या कारस्थानात निरुपयोगी, भुयारात अमूल्य.

मांत्रिकाच्या ‘कॉन्सन्ट्रेशन’ला मात्र कधीही हात लावू नका. एका वेळी लक्ष लावून धरायचा मंत्र एकच, आणि मार बसला की १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मं, यातला मोठा आकडा फाशावर गाठायचा, नाहीतर मंत्र सुटतो. नव्या डीएमना हा नियम कटकटीचा वाटतो आणि ‘काढून टाका’ असं सांगणारेही भेटतात. काढलात तर मांत्रिक एकावर एक मंत्र चढवत जातो आणि बाकीचे बघत बसतात.

आपल्या गल्ली क्रिकेटमधला ‘एक टप्पा आऊट’ आठवा. गल्ली अरुंद, क्षेत्ररक्षक चारच, म्हणून तो नियम आला. आणि तो पहिला चेंडू पडण्याआधी ठरायचा, कोणी आऊट झाल्यावर नाही. टेबलावरही बदल डाव सुरू होण्यापूर्वीच सांगा.

खेळता खेळता नियम अडला तर एक मिनिट शोधा. नाही सापडला तर १५ चा आकडा धरून फासा टाकायला सांगा, वहीत नोंद करा, घरी जाऊन बघा. परिस्थिती खेळाडूच्या बाजूची असेल तर ‘ॲडव्हान्टेज’ द्या: दोन फासे टाकायचे, मोठा घ्यायचा. १५ गाठण्याची शक्यता नुसत्या फाशावर ३० टक्के, दोन फाशांवर ५१. तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००० सालापासून, अशा प्रसंगांना अधिक दोन, उणे दोन अशी बेरीज-वजाबाकी लागायची. नियम सोपा करूनही खेळाची धार कशी टिकवावी याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तीन बैठकींनंतर काढलेले नियम एकेक करून परत आणा, एका बैठकीला एकच. आणि तो नियम ज्याच्या पात्राच्या उपयोगाचा, त्यालाच टेबलाला समजावू द्या. आमच्याकडे संधीचा वार त्याच मुलीने समजावला. खोडरबर म्हणजे योद्धा, पेनाची टोपणं म्हणजे गॉब्लिन. दीड मिनिट लागलं, आणि सरकण्यावरून वाद पुन्हा झाला नाही.