जुळ्यांना पाजताना

एक बाळ भुकेनं उठलं की दुसऱ्यालाही उठवून पाजा, नाहीतर रात्रभर पाजतच बसाल. दोघांना एकदम घ्यायचं तर मांडीवर उशा रचा, बाळं दोन्ही काखांखाली, पाय तुमच्या पाठीकडे, मान तुमच्या हातावर. सिझेरियनच्या टाक्यांवर भार येत नाही. सुरुवातीला बाळं उचलून द्यायला आई, सासूबाई, नवरा, कुणीतरी हवंच. ‘दोघांना पुरेल का गं?’ हे सगळे विचारतील. घाबरू नका, जितकं ओढलं जातं तितकं दूध बनतं. पाचव्या दिवसानंतर प्रत्येकाची दिवसाला 6 तरी लंगोटं ओली होत असतील, वजन वाढत असेल, तर पुरतंय. नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि एकानं ओढलं की दुसरीकडेही पान्हा फुटतो, अशक्त बाळाला तेवढीच मदत. पिता पिता दोघांची बोटं एकमेकांना लागतात, ते बघाच.