छातीच्या शल्यचिकित्सेत संशोधन: सुरुवात कुठून करायची

भारतातली वाट लांबलचक आहे: एमबीबीएस साडेचार वर्षे, इंटर्नशिप 1 वर्ष, जनरल सर्जरीत एमएस 3 वर्षे, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन सीटीव्हीएसमध्ये (हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांची शल्यचिकित्सा) एमसीएच ही पदवी, आणखी 3 वर्षे. सीटीव्हीएसमध्ये हृदयाचंच काम जास्त असतं. फुप्फुसाच्या केसेस किती होतात ते जागा निवडतानाच विचारा.

पहिला विषय लहान घ्या. उदाहरणार्थ, लोबेक्टॉमीनंतर (फुप्फुसाचा एक खंड काढल्यावर) फुप्फुसातून रेंगाळणारी हवागळती. व्याख्या आधी लिहून काढा: 5 दिवसांपेक्षा जास्त टिकली तर ‘दीर्घ’. शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरायचा की एक, हेही ठरवा. निम्मे घोळ इथेच होतात. रोज ठरलेल्या वेळी रुग्णाला खोकायला लावा, अंडरवॉटर सीलच्या बाटलीत (छातीतल्या नळीचं, म्हणजे ड्रेनचं, टोक जिच्यात पाण्याखाली असतं ती) बुडबुडे येतात का पाहा आणि तिथेच नोंदवा. जुन्या केसपेपरवर नुसतं ‘ड्रेन चालू’ असतं, त्यातून गळती होती की फक्त पाणी येत होतं हे कळत नाही. नळीचा जोड सैल असेल, तरी बुडबुडे दिसतात. आधी नळी तपासा.

नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी हवी. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायलची भारतीय नोंदवही) नोंदणी.

आकडेमोडीत मोह आवरा. 60 रुग्णांत 6 जणांना दीर्घ गळती झाली, तर वय, धूम्रपान, एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर सोडलेली हवा) असे पाच घटक एकाच रिग्रेशनमध्ये (कोणत्या घटकाचा किती परिणाम हे मोजणारं गणित) कोंबू नका. ढोबळ नियम एका घटकामागे 10 घटनांचा, म्हणजे इथे दीर्घ गळतीच्या 10 रुग्णांचा. इथे एकसुद्धा धड बसत नाही. वर्णनात्मक अभ्यास म्हणून लिहा.