अपघाती लीफची मोटर आणि गिअरबॉक्स जुन्या गाडीत कसे बसवावेत

निसान लीफ ही विजेवर चालणारी गाडी डिसेंबर 2010 मध्ये प्रथम विक्रीस आली आणि 2013 पासून ती इंग्लंडमधील संडरलँडच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. त्यामुळे ब्रिटनमध्ये अपघाती गाड्या मोडणाऱ्या यार्डांत तिचे सुटे भाग आता सहज मिळतात. पत्रा चेपला म्हणून विमा कंपनीने निकालात काढलेल्या लीफची मोटर बहुधा धडधाकट असते, कारण बेअरिंग आणि सील सोडले तर तिच्यात झिजण्यासारखे फारसे काही नसते. अशी मोटर तिच्या गिअरबॉक्ससह जुन्या पेट्रोल गाडीत बसवायची असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे चूक होण्याची शक्यता जास्त आहे, हे येथे सांगत आहे.

सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय पान्याला हात लावण्यापूर्वी घ्यायचा असतो. मोटर, एकाच गतीचा गिअरबॉक्स आणि त्याच्याच पोटातील डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी यंत्रणा) हे तिन्ही मिळून एक यंत्र आहे, आणि ते मूळ गाडीत ज्या ठेवणीने बसले होते त्याच ठेवणीने नव्या गाडीत बसवता येईल, अशी गाडी निवडावी. आवडती गाडी आधी ठरवून नंतर तिच्यात यंत्र कोंबण्याचा प्रयत्न केला, तर खर्च आणि धोका दोन्ही वाढतात, असे माझे ठाम मत आहे.

कोणती मोटर, कोणती गाडी

सुरुवातीच्या लीफमधील ईएम61 मोटर 80 किलोवॅट आणि 280 न्यूटन-मीटरची असून तिच्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर सुमारे 7.94 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटर एवढे फेरे घेते. नंतरच्या ईएम57 मोटरची शक्ती तेवढीच असली, तरी टॉर्क 254 न्यूटन-मीटर आणि गुणोत्तर सुमारे 8.19 आहे. ईएम57मध्ये इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारे उपकरण) थेट मोटरच्या डोक्यावर बसतो आणि त्याच्यावर चार्जर व डीसी-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचा मोठा व्होल्टेज 12 व्होल्टवर आणणारे उपकरण) यांची पेटी येते. त्यामुळे मधल्या जाड केबली वाचतात, पण एकूण उंची वाढते. बॉनेट बंद होते की नाही हे पुठ्ठ्याचा साचा करून आधीच पाहावे. 2018 पासूनच्या पिढीत 110 किलोवॅट आणि 320 न्यूटन-मीटर मिळतात, मात्र पहिल्या प्रकल्पासाठी एवढ्या ताकदीची गरज नसते.

गुणोत्तर बदलता येत नसल्याने चाकाच्या व्यासाचा हिशेब आधीच करावा लागतो. लीफच्या 205/55 आर16 टायरचा व्यास सुमारे 632 मिलिमीटर आहे. ताशी 100 किलोमीटरला हे चाक मिनिटाला सुमारे 840 फेरे घेते, म्हणजे ईएम57 मोटर सुमारे 6,900 फेऱ्यांवर असते. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या 165/80 आर15 टायरचा व्यास 645 मिलिमीटर असल्याने तेथे हे गणित जवळजवळ जसेच्या तसे जुळते. उलट जुन्या मिनीच्या 145/80 आर10 टायरचा व्यास 486 मिलिमीटरच असल्यामुळे त्याच वेगाला मोटर 8,900 फेऱ्यांच्या पुढे जाते, आणि 10,000 फेऱ्यांची मर्यादा धरली तर गाडी ताशी 112 किलोमीटरच्या आसपास थांबते. शहरात वापरायच्या मिनीला हे चालण्यासारखे आहे. महामार्गावर रोज जायचे असेल तर मोठ्या चाकांची गाडी पाहावी.

पुढची चाके ओढणारी आडव्या इंजिनाची गाडी, किंवा इंजिन मागे असून मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेंशन असलेली गाडी, या यंत्राला सर्वांत सोयीची. मागे अखंड धुरा असलेल्या एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत दुसरी वाट धरावी लागते. तेथे लीफचा गिअरबॉक्स बाजूला ठेवून फक्त मोटर घ्यायची आणि ती अ‍ॅडॅप्टर प्लेट व कपलरने जुन्या गिअरबॉक्सला जोडायची. या वाटेत मोटरचा अक्ष आणि गिअरबॉक्सचा अक्ष मिलिमीटरच्या शतांशांत एका रेषेत आणावे लागतात, त्यामुळे कुशल टर्नरचा हात आणि डायल गेज यांच्याशिवाय ते काम हाती घेऊ नये. शिवाय एमजीबीच्या इंजिनाचा टॉर्क साधारण 150 न्यूटन-मीटर होता आणि तिचा गिअरबॉक्स त्याच बेताने बांधलेला आहे. लीफची मोटर उभ्या गाडीलाही 254 किंवा 280 न्यूटन-मीटर देऊ शकते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टॉर्कवर मर्यादा घालणे अपरिहार्य ठरते.

यार्डात काय पाहावे आणि काय मागावे

शक्य असेल तर सुटी मोटर न घेता अख्खी अपघाती गाडी पाहून तिच्यातून भाग काढून घ्यावेत. लीफची मोटर पुढे असल्याने समोरून जोराचा मार बसलेली गाडी टाळून मागून किंवा बाजूने ठोकलेली निवडावी. माउंटिंगच्या कानांना बारीक चिरा आहेत का, पाण्याच्या नळ्यांची तोंडे तुटली आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात नीट तपासावे. गिअरबॉक्सचे थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलेले आहे, आणि त्यात चमकणारे कण असतील तर दात किंवा बेअरिंग झिजले आहे. मोटर आणि गिअरबॉक्स वेगळे केलेच, तर स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांबट खाचांवर) तांबूस पूड दिसते का पाहावे. ती दिसली तर स्प्लाइन घासून खराब होऊ लागल्याचे समजावे.

यार्डवाल्याकडून मोटरबरोबर इन्व्हर्टर, चार्जर व डीसी-डीसीची पेटी, दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे), माउंटिंगचे सर्व ब्रॅकेट व रबरी बुश, काँटॅक्टरची (बॅटरीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या रिलेंची) पेटी, अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल आणि कूलंटचा पंप मागून घ्यावा. वायरिंग मात्र कोणी कनेक्टरजवळ कापू नये. प्रत्येक कनेक्टरला किमान अर्धा मीटर वायर शिल्लक राहिली पाहिजे, कारण ते कनेक्टर सुटे शोधण्यात पुढे आठवडे जातात. भाग सोडवण्यापूर्वी प्रत्येक जोडाची छायाचित्रे काढावीत.

लीफच्या 24 किलोवॅट-तासांच्या बॅटरीत 192 सेल असतात, दोन-दोनांच्या 96 जोड्या एकापुढे एक. तिचा व्होल्टेज सर्वसाधारण 360 आणि पूर्ण चार्जला 400 च्या आसपास असतो. एवढा डीसी व्होल्टेज माणसाला जागच्या जागी मारू शकतो. सर्व्हिस प्लग (बॅटरीचे सर्किट मध्येच तोडणारा प्लग) काढावा, तो स्वतःच्या खिशात ठेवावा, किमान दहा मिनिटे थांबावे, आणि 1000 व्होल्टची कॅट 3 श्रेणी असलेल्या मीटरने इन्व्हर्टरच्या टोकांवर शून्य दिसल्याखेरीज हात घालू नये. हातात 1000 व्होल्टचे रबरी मोजे असावेत आणि जवळ दुसरा माणूस असावा. प्लग काढल्यावरही बॅटरीच्या आतला व्होल्टेज तसाच राहतो, हे विसरू नये.

मोटरची तपासणी

इन्व्हर्टर पूर्ण वेगळा केल्यावरच मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावावा, नाहीतर त्यातील सेमीकंडक्टर जळतात. 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक फेज (मोटरच्या तीन वीजजोडांपैकी एक) आणि मोटरची बॉडी यांच्यातील रोध मोजावा. चांगली मोटर अनेक मेगओहम दाखवते. काही किलोओहमच दिसले, तर आत ओल किंवा जळलेले इन्सुलेशन आहे. फेजांमधील रोध मिलिओहममध्ये असल्याने साध्या मल्टिमीटरने तो कळत नाही. त्यासाठी एक जुनी हातोटी उपयोगी पडते. तिन्ही फेज मोकळे ठेवून मोटर हाताने फिरवावी, मग त्यांपैकी दोन-दोन आळीपाळीने एकत्र जोडून फिरवून पाहावे. जोडल्यावर मोटर जड झाली पाहिजे आणि तिन्ही जोड्यांना सारखीच जड वाटली पाहिजे. एखादी जोडी वेगळी जाणवली तर ती मोटर परत करावी.

या मोटरच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, त्यामुळे ती फिरली की वीज तयार होतेच, मग बॅटरी जोडलेली असो वा नसो. बदललेली गाडी बंद पडली तर मोटरला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून ती ओढत नेऊ नये. मोटर उघडून रोटर हाताने बाहेर काढण्याचा प्रयत्नही करू नये. चुंबकाच्या ओढीत बोटे चिरडतात. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या कामापासून दूर राहावे.

बसवणे

बसवताना यंत्र पुढे-मागे कोणत्या कोनात कललेले आहे ते मूळ गाडीत डिजिटल पातळीमापकाने मोजून लिहून ठेवावे आणि नव्या गाडीत तोच कोन ठेवावा. गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप नाही, दातांनी उडवलेले तेलच बेअरिंगांपर्यंत पोहोचते. कोन बदलला तर तेलाची पातळी बदलते आणि एखादे बेअरिंग कोरडे पडते.

याहून मोठी चूक म्हणजे जागा सोयीची वाटते म्हणून यंत्र उभ्या अक्षाभोवती 180 अंशांनी फिरवून बसवणे. पुढचे यंत्र मागे नेले तरी त्याचे तोंड तेच राहिले, तर काही बिघडत नाही. ते फिरवले, तर गाडी पुढे जाण्यासाठी मोटरला उलटे फिरावे लागते. मग तिरप्या दातांची जी बाजू एरवी गाडी मागे घेताना किंवा रिजनरेशनच्या (वेग कमी करताना मोटरने वीज परत बॅटरीत भरण्याच्या) वेळीच भार घेते ती सतत भार घेऊ लागते, बेअरिंगांवरचा अक्षीय दाब दिशा बदलतो, आणि तेलही भलतीकडे उडते. वायरी बदलून दिशा उलटवता येते, पण त्याने दात आणि तेलाचा प्रश्न सुटत नाही.

डिफरन्शियलचा मध्य चाकाच्या मध्याच्या शक्य तितका जवळ आणावा, म्हणजे हाफ शाफ्टांचा तिरकसपणा कमी राहतो. आतले सीव्ही जॉइंट (तिरक्या शाफ्टलाही सारख्या वेगाने फिरू देणारे सांधे) लीफचे आणि बाहेरचे नव्या गाडीचे, असा मिलाफ सर्वत्र लागतो. दोन शाफ्ट कापून मध्ये वेल्ड केलेला तुकडा कितीही नीट दिसला तरी तो वापरू नये. ईएन-24 पोलादाचे नवे शाफ्ट दोन्ही टोकांना योग्य स्प्लाइन पाडून आणि उष्णता-प्रक्रिया करून घ्यावेत.

माउंटिंगचा हिशेब बहुतेक जण कमी धरतात. लांबीच्या दिशेने इंजिन बसवून मागची चाके फिरवणाऱ्या गाडीत डिफरन्शियल वेगळे असते, त्यामुळे चाकांच्या टॉर्कची मोठी प्रतिक्रिया मागचा धुरा घेतो. येथे मात्र डिफरन्शियल यंत्राच्या पोटातच असल्याने संपूर्ण प्रतिक्रिया यंत्राच्या माउंटिंगवर येते. 254 ला 8.19 ने गुणले तर सुमारे 2,080 न्यूटन-मीटर होतात. टॉर्क पेलणारा दांडा अक्षापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्यावर सुमारे 6,900 न्यूटन, म्हणजे 700 किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो, आणि रिजनरेशनच्या वेळी त्याची दिशा उलटते. म्हणून लीफचेच बुश वापरावेत, आणि ब्रॅकेट गाडीची चासी न कापता तिला बोल्टने बसेल असे करावेत. चासी अखंड राहिली तर नोंदणीचे कामही सोपे जाते. ब्रिटनमध्ये इंधन बदलल्याची नोंद डीव्हीएलए या वाहन नोंदणी संस्थेकडे करावी लागते.

भारतातील वाचकांना येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि विजेच्या रेट्रोफिट किटला एआयएस-123 या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. यार्डातून आणलेल्या सुट्या मोटरला अशी मान्यता नसते, त्यामुळे ती बसवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये. अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रकल्पासाठी आवाराच्या आत हेच काम नक्की करावे. त्यातून शिकण्यासारखे खूप आहे.

वीज आणि नियंत्रण

इन्व्हर्टर पेडलकडे थेट पाहत नाही. सेकंदाला 5 लाख बिटांच्या कॅन बसवरून (गाडीतील उपकरणांना जोडणाऱ्या दोन वायरींच्या संदेशवाहिनीवरून) दर 10 मिलिसेकंदांनी आलेला टॉर्कचा आदेश तो ऐकतो, आणि त्या आदेशातील क्रमांक व चेकसम (संदेश बरोबर असल्याची पडताळणी करणारा अंक) चुकला तर तो काम थांबवतो. हे संदेश तयार करण्यासाठी योहानेस ह्यूबनर यांनी सुरू केलेल्या ओपनइन्व्हर्टर प्रकल्पाच्या परिवारातील झॉम्बीव्हर्टर हे नियंत्रक वापरता येते. आयर्लंडच्या डेमियन मॅग्वायर यांनी त्याची रचना केली आहे. मूळ इन्व्हर्टर तसाच ठेवून हे नियंत्रक लावणे नवशिक्याला योग्य. बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोधक असावेत. वीज बंद असताना दोन वायरींमध्ये 60 ओहम दिसले म्हणजे ते जागेवर आहेत.

मुख्य काँटॅक्टर लागण्यापूर्वी इन्व्हर्टरचा कपॅसिटर रोधकातून भरून घ्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच क्षणी हजारो अँपियर वाहून काँटॅक्टरची टोके चिकटतात आणि बंद केल्यावरही वीज चालू राहते. समजा कपॅसिटर 1,000 मायक्रोफॅरड आणि रोधक 100 ओहमचा असेल, तर सुरुवातीला 3.6 अँपियर वाहतात आणि अर्ध्या सेकंदात कपॅसिटर जवळजवळ पूर्ण भरतो. व्होल्टेज चढला नाही तर मुख्य काँटॅक्टर लागूच नये, अशी अट नियंत्रकात ठेवावी.

जागेअभावी लीफच्या बॅटरीतील 48 पैकी 24 मॉड्यूलच (प्रत्येकात चार सेल) घेतले, तर व्होल्टेज 180 होतो. त्याने सुरुवातीचा टॉर्क कमी होत नाही, पण तो टॉर्क ज्या फेऱ्यांपर्यंत टिकतो ती मर्यादा 3,000 वरून 1,500 च्या आसपास येते आणि शक्तीही निम्मी होते. शिवाय मूळ इन्व्हर्टरला एवढा कमी व्होल्टेज चालतो का, हे आधी पाहावे लागते. जागा काढून पूर्ण 48 मॉड्यूल बसवणे केव्हाही चांगले. कूलंट रेडिएटरमधून आधी इन्व्हर्टरकडे आणि मग मोटरकडे न्यावा. इंजिन गेल्याने ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या सर्व्होला निर्वात मिळत नाही, म्हणून विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप आणि साठवणीची टाकी लावावी.

पहिल्या चाचणीच्या वेळी दोन्ही चाके स्टँडवर उचलून ठेवावीत, टॉर्क दहा टक्क्यांवर आणि फेरे 1,000 वर बांधून ठेवावेत, कारण भार नसताना थोड्याशा टॉर्कनेही मोटर क्षणात मर्यादेबाहेर जाते. एकच चाक उचलू नये. चाके योग्य दिशेने फिरत असल्याची खात्री झाली की मोकळ्या सपाट जागेत चालत्या माणसाच्या वेगाने गाडी फिरवावी आणि मर्यादा पुढील काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावी. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सर्व माउंटिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, गिअरबॉक्सचे तेल बदलावे, आणि उच्च दाबाची वायरिंग व चासी यांच्यातील इन्सुलेशन पुन्हा एकदा मोजून ते आकडे वहीत लिहून ठेवावेत.