बिडाची जुनी शेगडी खोलण्याआधी

कोळशावर खोली गरम करणारी जुनी बिडाची शेगडी घरात आली की पहिला हात पान्ह्याकडे जातो. तो आवरा. पहिले दोन दिवस कॅमेरा, वही, विजेरी आणि लाकडी मुठीची हातोडी एवढंच बाहेर काढायचं.

आधी एक ठरवा: शेगडी पेटवायची आहे की कोपऱ्यात शोभेला ठेवायची आहे? शोभेची असेल तर पुढची निम्मी तयारी गळते. पेटवायची असेल तर राखेचं दार उघडून विजेरी आत घाला आणि जाळी बघा. कोळसा लाकडासारखा राखेच्या थरावर पडून जळत नाही, त्याला खालून, जाळीतून वारा लागतो. जाळीचे दात झिजलेले, वाकलेले किंवा गायब असतील, दांडा फिरवला तरी ती हलत नसेल, तर खरं काम तिथे आहे. वरचा गंज भीतिदायक दिसतो, पण तो बहुतेकदा कातडीवरचाच असतो. जाळी आणि विस्तवाचं भांडं शाबूत असेल तर गंजकी शेगडीही घ्यावी. ते नसेल तर चकचकीत शेगडीसुद्धा महागात पडते.

मग प्रत्येक भाग वाजवून घ्या. सुटा भाग दोरीला टांगून हातोडीच्या लाकडी मुठीने टिचकी मारली की सलग बीड घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द आवाज करतं. शंका आली तर जुनी युक्ती आहे: त्या जागी रॉकेल चोळायचं, थोड्या वेळाने कोरडं पुसायचं, वर खडूची पूड भुरभुरायची. तड्यात मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. जवळ विस्तव नसताना आणि मोकळ्या हवेतच हे करा. सापडलेली प्रत्येक रेघ फोटोत आणि वहीत हवी.

फोटो काढायचे ते चारही बाजूंनी, प्रत्येक सांध्याचे, खोलताना प्रत्येक पायरीला. सुट्या भागांच्या मागच्या बाजूला ओतताना उठवलेले आकडे किंवा अक्षरं असतात. तीही उतरवून घ्या, हरवलेला भाग शोधताना तीच उपयोगी पडतात. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावा. ‘लक्षात राहील’ हे मी एकदा म्हटलं होतं, आणि एकसारखी दिसणारी दोन दारं अदलाबदल करून बसवण्यात एक रविवार गेला.

बोल्ट हा या कामातला सगळ्यात चिवट विषय. तापून-थंड होऊन ते नटाशी एकजीव झालेले असतात. बीड वाकत नाही, तुटतं. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो, म्हणून पान्ह्याला लांब पाइप लावून जोर केला की बोल्ट तसाच राहतो आणि तो बसतो तो बिडाचा पुढे आलेला कान हातात येतो. माझ्या पहिल्या शेगडीच्या बिजागरीचा कान असाच गेला. गंज सोडवणारं तेल दोन-तीन दिवस आधीपासून रोज घालत राहा. तरी हलला नाही तर तेल नीट पुसून नट तापवा, आणि तेही जमलं नाही तर सरळ कापा. जुना बोल्ट वाचवण्यात शहाणपण नाही. लांबी, जाडी आणि आटे मोजून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा, आणि बसवताना उष्णता सोसणारं ग्रीस लावा.

हरवलेल्या किंवा फुटलेल्या भागासाठी ओतकाम करणाऱ्याकडे जायचं असेल तर एक हिशेब सोबत न्या. जुना भागच साचा म्हणून वापरला तर नवं बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं. ३० सेंटिमीटरच्या जाळीत ३ मिलिमीटर कमी भरतील. जाळीत ते खपतं, एरवीही ती थोडी सैलच लागते. वरच्या गोल झाकणात मात्र तीच फट धूर सोडते. अशा भागाला कडेने भर देऊनच साचा करायला सांगा. तड्याची वेल्डिंग सवय असलेल्याकडूनच. भाग आधी तापवावा लागतो आणि नंतर अगदी सावकाश थंड करावा लागतो, नाहीतर शेजारीच नवा तडा जातो.

गंजासाठी वायरचा ब्रश पुरतो. खोल गंज असेल तर प्लॅस्टिकच्या टबात पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा आणि त्यातून वीज सोडायला टबाबाहेर बॅटरी चार्जर: ऋण टोक शेगडीच्या भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्यावरच. निकेलचा मुलामा असलेले भाग या टबात नको आणि सँडब्लास्टिंगलाही (वाळूच्या फवाऱ्याने घासण्यालाही) नको. ते वेगळे काढून मुलामा करणाऱ्याकडे द्या. साफ झालेलं बीड काही तासांत पुन्हा तांबूस होतं, तेव्हा ग्रॅफाइटचं पॉलिश किंवा ६५० अंश सेल्सियस सोसणारा काळा रंग हाताशी असू द्या. मी पॉलिशच्या बाजूचा. ते उडतं, पुन्हा लावावं लागतं, पण नक्षी बुजत नाही.

दारातली खिडकी काचेची समजून घासू नका, बहुधा ती अभ्रकाची असते. काजळलेला वरचा पापुद्रा पातळ पात्याने सोलता येतो. नवं अभ्रक कात्रीने कापता येतं.

सांध्यांमधली किंवा दाराभोवतीची जुनी, पांढरट, तंतूंची दोरी दिसली तर हात थांबवा. ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडायचं नाही, तपासून घ्यायचं आणि प्रशिक्षित माणसाकडून काढून घ्यायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याचीही धूळ उडवू नका. नव्याने बसवायला काचतंतूची दोरी आणि भट्टीचं सिमेंट आणा. जोडणी झाल्यावर अंधारात आत दिवा ठेवून बघायचं असतं: प्रकाश बाहेर आला तिथून धूरही येणार.

धुराडं आधीच साफ आणि तपासलेलं हवं. जोडपाइप जस्ताचा मुलामा नसलेला घ्या, कारण तापल्यावर जस्ताची वाफ विषारी असते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडी आत येण्याआधी भिंतीवर चढवा. पहिले दोन-तीन जाळ अंगणात करा, सुकी काटकी टाकून, लहान, प्रत्येक वेळी पूर्ण थंड होऊ देत. रंगाचा आणि सिमेंटचा उग्र वास तेव्हाच निघून जातो. कोळसा त्यानंतर.